उदयपूर अडीच दिवसांत, उन्हाची बाजू बघून

उदयपूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात सतरा ठिकाणांची यादी होती. तीन दिवसांत सतराच्या सतरा उरकली आणि घरी येऊन फोटो बघायला बसलो, तर तलावापलीकडून काढलेला राजवाड्याचा एकही फोटो धड नव्हता. सगळे काळेकुट्ट. राजवाडा पिछोला तलावाच्या पूर्व काठावर आहे आणि आम्ही समोरच्या घाटावर पोचलो होतो सकाळी नऊला, सूर्य नेमका राजवाड्याच्या पाठीमागे असताना. दुसऱ्या खेपेला आई, ताई आणि भाचा बरोबर होते. तेव्हा यादी निम्मी केली आणि कुठल्या जागी किती वाजता असायचं एवढंच ठरवून निघालो. खालचा बेत त्या दुसऱ्या खेपेचा आहे: एक संध्याकाळ आणि दोन पूर्ण दिवस.

आधी पाण्याचा हिशेब

अकबराने मेवाडच्या राजधानीचं चितोड घेतलं १५६८ साली. पण त्याच्या आधीच, १५५९च्या सुमारास, महाराणा उदयसिंह (दुसरे) यांनी अरवलीच्या डोंगरांत ही नवी राजधानी वसवायला घेतली होती. चितोड उघड्या मैदानात एकट्या डोंगरावर. इथे मात्र चारी बाजूंनी डोंगरांचं कडं आणि मध्ये पाणी. पिछोला तलाव शहराहून जुना. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांध घालून तो केला असं सांगतात, उदयसिंहांनी तो वाढवला. पुढच्या महाराणांनी भर घातली आणि आज पिछोला, रंगसागर, स्वरूपसागर, फतेहसागर अशी एकमेकांना जोडलेली तलावांची माळच आहे. पाणी एकातून दुसऱ्यात सरकतं आणि जास्तीचं आयड नदीत जातं. जानेवारी २०२५ मध्ये रामसर या पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं म्हणजे इंदूर आणि उदयपूर.

हे इतकं सांगायचं कारण असं की, यातला एकही तलाव नैसर्गिक नाही. सगळा खेळ पावसाचा. पाऊस दगा देतो त्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत काठ उघडे पडतात आणि पाण्यात तरंगणारा महाल चिखलात बसलेला दिसतो. तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचा पाऊस आणि तलावांची पातळी यांची बातमी जरूर बघा. सप्टेंबरात तलाव भरले असतील तर मार्चपर्यंत चिंता नसते.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडून जाणारी बरीच मंडळी महाराणा प्रतापांचा राजवाडा बघायला निघतात. प्रतापांचा राज्याभिषेक झाला १५७२ मध्ये गोगुंद्याला, त्यांची पुढची राजधानी चावंड आणि १५९७ मध्ये ते वारलेही चावंडलाच. उदयपूरचा राजवाडा आज दिसतो तो बहुतेक त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी, १६१५मध्ये मोगलांशी तह होऊन जरा स्वस्थता मिळाल्यावर वाढवत नेलेला आहे. प्रतापांना शोधायचं तर हळदीघाटीला जावं लागतं. त्याबद्दल पुढे.

कधी जायचं

सगळे सांगतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि ते बरोबरच आहे. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. डोंगर हिरवे असतात, तलाव काठोकाठ, गर्दी बेताची. फतेहसागर भरून त्याचे दरवाजे उघडले की सगळं गाव ते बघायला लोटतं. मक्याची कणसं, भजी, छत्र्या. आपल्याकडे धरणाचे दरवाजे उघडल्यावर होतं तसंच. मे-जूनचं ऊन सोसवत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा खोल्यांच्या भावासाठी वाईट. मात्र २१ ते ३० डिसेंबरला शिल्पग्राम उत्सव असतो आणि लोककलांची आवड असेल तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

सण गाठायचा असेल तर दोन आहेत. चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्याकडे चैत्रगौर बसते त्याच दिवशी, तिकडे गणगौर. नटवलेल्या गौरी-ईसरच्या मूर्ती मिरवत गणगौर घाटावर आणतात. दुसरा हरियाली अमावस्येचा मेळा. तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे त्यांची ही श्रावणातली अमावस्या म्हणजे आपली आषाढातली दिव्याची अवस. फतेहसागर आणि सहेलियों की बाडी या बागेच्या परिसरात मेळा दोन दिवस भरतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे फक्त बायकांना प्रवेश असतो. ताईने हे ऐकलं आणि पुढच्या वर्षीची रजा तिथल्या तिथे ठरवून टाकली.

पोचायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबईहून वांद्रे टर्मिनस ते उदयपूर अशी थेट गाडी आहे, आठवड्यातून काहीच दिवस. रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. ती सोयीच्या वारी नसेल तर अहमदाबाद गाठा. तिथून उदयपूर साधारण २६० किलोमीटर, रस्त्याने साडेचार-पाच तास. अहमदाबादच्या असारवा स्टेशनवरून हिंमतनगरमार्गे रेल्वेही आहे. तो जुना मीटरगेज मार्ग होता, रुंदीकरण होऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. विमानतळ डबोकला, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर.

मुक्काम जुन्या शहरात करा, तलावाच्या जवळ. लालघाट, गणगौर घाट ही राजवाड्याच्या बाजूची वस्ती. समोरच्या काठावर हनुमान घाट आणि चांदपोलचा भाग. दोन्ही काठ दाईजी पुलाने जोडलेले आहेत, पायी पाच मिनिटं. आम्ही हनुमान घाटाची बाजू घेतली, कारण गच्चीवरून राजवाडा समोर दिसतो. राजवाड्याच्या बाजूला राहिलात तर राजवाडा तुमच्या डोक्यावर असतो, डोळ्यांपुढे नाही. तिथून सूर्यास्त मात्र पाण्यावर मिळतो.

खोली ठरवताना तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. गाडी दारापर्यंत येते का? (बहुतेक ठिकाणी येत नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं.) लिफ्ट आहे का? जुन्या हवेल्यांची हॉटेलं झालेली, त्यामुळे ‘तलाव दिसणारी खोली’ म्हणजे हमखास तिसरा मजला आणि गुडघ्याएवढ्या पायऱ्या. आणि लग्नसराईत शेजारी डीजे किती वाजेपर्यंत वाजतो? शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेलच असं नाही. आम्हाला ‘एकदम शांत एरिया’ सांगितलं होतं आणि पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते रात्री साडेअकरापर्यंत समजत राहिलं.

स्वतःची गाडी घेऊन गेलात तर ती जुन्या शहराबाहेरच्या वाहनतळावर लावून टाका आणि तिसऱ्या दिवशीच काढा.

पहिली संध्याकाळ: आंबराई घाट

दुपारी पोचलात, अंघोळी झाल्या, की लगेच कुठलं तिकीट काढू नका. सूर्यास्ताच्या तासभर आधी आंबराई घाटावर जाऊन बसा. मांझी घाट असंही म्हणतात. हनुमान घाटाच्या बाजूने चालत दहा मिनिटं.

पहिल्या खेपेला मी सकाळी जाऊन हुकलो तो हाच घाट. संध्याकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोरच्या राजवाड्यावर पडतं. आधी भिंत पांढुरकी, मग लोण्यासारखी, मग केशरी. उजवीकडे पाण्यात जगनिवास हा पांढरा महाल. ऊन विझलं की अर्धा तास काहीच नसतं, नुसतं करडं. बरीच माणसं तेव्हा उठून जातात. उठू नका. राजवाड्याचे दिवे एकेक करून लागतात आणि पाण्यात दुसरा राजवाडा उलटा उभा राहतो. आई चपला काढून पायरीवर बसली होती, ती पुढचा पाऊण तास काही बोलली नाही. आमच्या घरात ही नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि काठाला कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

दुसरा दिवस: घाट, मंदिर, राजवाडा

सकाळी साडेसहा-सातला गणगौर घाट. संध्याकाळच्या उलट आता समोरचा काठ आणि जगनिवास उजळत असतो, त्यामुळे सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं. तीन कमानींचा दरवाजा, कबुतरांचे थवे, अंघोळीला आलेली गावातली माणसं. आठनंतर इथे लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी आणि त्यांचे फोटोवाले येतात आणि कमानी त्यांच्या होतात.

तिथून चढ चढून पाच मिनिटांत जगदीश मंदिर. महाराणा जगतसिंह पहिले यांनी १६५१ मध्ये बांधलेलं. ३२ पायऱ्या, उभ्या. दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचा चतुर्भुज विष्णू आणि त्याच्यासमोर वेगळ्या मंडपात हात जोडून बसलेला पितळी गरुड. घाई न करता बाहेरून एक फेरी मारा. तळाशी हत्तींची रांग, त्यावर घोडे, त्यावर माणसं, त्याहून वर नाचणाऱ्या अप्सरा, असा क्रम सगळीकडून फिरलेला आहे. सकाळी सभामंडपात गावातल्या बायका ढोलकीवर भजनं म्हणत बसलेल्या असतात. दुपारी मंदिर बंद असतं, म्हणून हे राजवाड्याच्या आधीच करायचं.

राजवाडा साडेनऊला उघडतो. साडेनऊलाच आत जा. अकरानंतर सहलींच्या बसेस येतात आणि आतल्या जिन्यांत ट्रॅफिक जॅम होतो. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. आतला मार्ग एकेरी आहे, जिने एका माणसापुरते रुंद, दारं ठेंगणी. शत्रूला वाकूनच आत यावं लागावं म्हणून ती तशी ठेवली असं गाइड सांगतात. मध्येच थांबून मागे फिरता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, आणि पाण्याची बाटली घ्या. आईने मोर चौकापर्यंत येऊन ‘आता मी इथेच बसते’ म्हटलं आणि तिथल्या पहारेकऱ्याने तिला खुर्ची आणून दिली.

आत काय चुकवू नये ते क्रमाने सांगतो. बडी पोल हा दरवाजा ओलांडला की त्रिपोलिया दरवाजाच्या आधी ओळीने आठ संगमरवरी तोरणं दिसतात. महाराणांची इथे सोन्या-चांदीने तुला होई आणि ते धन वाटून टाकत. लोक त्याखालून तिकीट शोधत निघून जातात. पुढे माणक चौकात दर्शनी भिंतीवर सूर्याचं मुख, कारण हे सिसोदिया घराणं सूर्यवंशी. शिवरायांच्या १६७४ च्या राज्याभिषेकावेळी भोसले कुळाचा संबंध याच सिसोदियांशी जोडला गेला होता, तेव्हा मराठी माणसाने इथे दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

जिने चढत चढत तुम्ही अमरविलासच्या बागेत येता आणि चक्रावता. इतके मजले वर आलो आणि समोर जमिनीत रुजलेली मोठमोठी झाडं! राजवाड्याने मूळ टेकडीचा माथा पोटात घेतला आहे आणि ही बाग त्या माथ्यावर आहे. माती खरी, झाडं खरी. राजवाडा टेकडीवर बांधला नाही, टेकडीभोवती गुंडाळला. मला तरी अख्ख्या वास्तूत ही गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटली.

चिनी चित्रशाळेतल्या निळ्या-पांढऱ्या फरशा जवळून बघा, चीनच्या आणि हॉलंडच्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. मोर चौकातले मोर महाराणा सज्जनसिंहांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले; काचेच्या हजारो तुकड्यांचे, भिंतीतून पुढे आलेले. छाती निळी, पिसारा हिरवा, आणि तिरक्या उन्हात प्रत्येक तुकडा वेगळा चमकतो.

कृष्णविलास ही छोटी खोली मात्र शांतपणे बघावी. भिंतीभर बारीक कुंचल्याची चित्रं आहेत. राजकन्या कृष्णाकुमारीची ही जागा. तिच्या लग्नावरून जयपूर आणि जोधपूर एकमेकांवर उठले, त्यात पेंढाऱ्यांचा अमीरखान पडला आणि १८१० मध्ये सोळा वर्षांच्या त्या मुलीला विष घ्यावं लागलं. त्या काळात मेवाड इतकं खिळखिळं करण्यात शिंदे-होळकरांच्या फौजांचाही मोठा हात होता. आमच्या गाइडने आम्ही कुठले ते विचारलं, ‘महाराष्ट्र’ ऐकल्यावर जरासा हसला आणि तेवढा भाग त्याने भरभर उरकला.

गाइड घ्यावा का? घ्यावा, पण खिडकीवरून अधिकृत. बाहेर घोळक्यात गाठणारे नकोत. बिलोरी काचसामानाचं दालन फतेहप्रकाश महालात, वेगळ्या तिकिटाचं. सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीकडे काचेचा पलंग, खुर्च्या, टेबलं मागवली, आणि माल येण्याआधी ते गेले. पेट्या कित्येक वर्षं बंदच होत्या. गोष्ट छान आहे, पण तिकीट महाग. मी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा नाही.

राजवाड्याला तीन तास धरा. त्यानंतर जेवण आणि खोलीवर झोप. मधलं काही घुसडू नका.

बोट कुठून घ्यायची

इथे पैसे वाया जायची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून नीट सांगतो. पिछोल्यात बोटी वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात. राजवाड्याच्या आतल्या रामेश्वर घाटावरची बोट सगळ्यात महाग, संध्याकाळच्या फेरीला भाव आणखी चढा, पण जगमंदिर बेटावर उतरवते ती हीच. लालघाटावरून आणि दूध तलाईच्या बाजूने सुटणाऱ्या बोटी स्वस्त. त्या तलावात चक्कर मारून परत आणतात, बेटावर थांबत नाहीत. काउंटरवरच्या माणसाला ‘जगमंदिर दिखाएंगे?’ विचारलंत तर तो ‘हाँ’ म्हणेल. दाखवतातच, लांबून. प्रश्न ‘उतारेंगे?’ असा विचारायचा.

जगमंदिर उतरण्याजोगं आहे का? माझ्या मते एकदा तरी. बापाविरुद्ध बंड करून पळालेल्या शहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, महाराणा कर्णसिंहांनी १६२३च्या सुमारास इथे आसरा दिला होता. १८५७ मध्ये महाराणा स्वरूपसिंहांनी नीमचहून पळून आलेल्या युरोपियन कुटुंबांना इथेच ठेवलं. धक्क्यावरच दगडी हत्तींची रांग तुमच्या स्वागताला. त्या हत्तींपाशी उभं राहून राजवाड्याची पूर्ण लांबी एका नजरेत मावते. बेटावरचा चहा मात्र परत काठावर येऊन प्यावा; भाव वाचून भाचा म्हणाला, ‘मामा, एवढ्यात आपल्या चौकात आठवडाभर होतो.’

मधला पांढरा जगनिवास १७४६ मध्ये जगतसिंह दुसरे यांनी पुरा केला. १९६० च्या दशकापासून तो हॉटेल आहे आणि तिथे राहणाऱ्यांशिवाय कोणाला सोडत नाहीत. बोटवाले ‘आतून दाखवतो’ म्हणाले तर हसून पुढे जा.

बागोरची हवेली, आणि महादजी

त्याच संध्याकाळी सात वाजता बागोरच्या हवेलीत ‘धरोहर’ हा लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो. गणगौर घाटाला लागूनच हवेली. तासाभराचा कार्यक्रम, तिकीट परवडणारं. खुल्या चौकात गाद्या आणि मागे थोड्या खुर्च्या. खुर्ची हवी असेल तर एकाने पाऊण तास आधी रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी घाटावर सूर्यास्त बघायचा. आमच्यात ते काम भाच्याकडे होतं, बदल्यात कुल्फी.

घूमर, डोक्यावर पेटत्या चरव्या घेऊन नाच, अंगाला तेरा मंजिरे बांधून बसल्या जागी केलेली तेराताली, कठपुतळ्या. शेवटी भवाई. एक बाई डोक्यावर एकावर एक घागरी चढवत जाते आणि ती उतरंड तोलत काचेच्या तुकड्यांवर नाचते. चौकाच्या अगदी कडेला बसलात तर काचांचा करकर आवाज येतो. तिच्या मानेची शीर न् शीर दिसते, चेहऱ्यावर मात्र काही नाही.

ही हवेली अठराव्या शतकात बांधली अमरचंद बडवा यांनी, मेवाडचे प्रधान. १७६९ मध्ये उदयपूरला वेढा पडला तेव्हा शहर लढवलं ते यांनीच, आणि वेढा घातला होता महादजी शिंद्यांनी. शहर पडलं नाही. अखेर मोठी खंडणी ठरवून तह झाला. पानिपतातून वाचलेले महादजी आपल्याला माहीत असतात, त्यांना तटाच्या आतून बघायची संधी अशी क्वचित मिळते. हवेलीचं संग्रहालय दिवसाही उघडं असतं, शंभरावर खोल्या आहेत. वेळ उरला तर जा.

तिसरा दिवस: फतेहसागरची बाजू

आज शहराबाहेरून फिरायचं, त्यामुळे दिवसभराची रिक्षा किंवा टॅक्सी ठरवा. रिक्षा मीटरने चालत नाहीत. ठिकाणांची नावं, थांबायचा वेळ आणि एकूण रक्कम हे तिन्ही बसण्याआधी बोलून घ्या, आणि ‘बीच में दुकान नहीं’ हे चौथं.

सकाळी आधी सहेलियों की बाडी. महाराणा संग्रामसिंह दुसरे यांनी राजघराण्यातल्या स्त्रियांसाठी केलेली बाग. इथली कारंजी फतेहसागरच्या पाण्यावर, नुसत्या उताराच्या जोरावर उडतात. तलाव बागेपेक्षा उंच आहे, पंपाची गरजच नाही. ‘बिन बादल बरसात’मध्ये छत्रीच्या कडेने पाणी पडायला लागलं की डोळे मिटून उभे राहा, हुबेहूब श्रावणातल्या पागोळ्यांचा आवाज. पाऊण तास पुष्कळ झाला.

मग फतेहसागर. पिछोला पर्यटकांचा, फतेहसागर गावाचा. आजचा बांध महाराणा फतेहसिंहांनी १८८९ च्या सुमारास घातला, जुना पुरात गेला होता. काठाने रस्ता, मोती मगरीवर चेतकावर स्वार प्रतापांचा ब्राँझचा पुतळा, तलावात एका बेटावर नेहरू पार्क आणि दुसऱ्यावर चक्क सौर वेधशाळा: भोवती पाणी असलं की हवा कमी तापते, थरथरत नाही, सूर्याचं चित्र स्थिर मिळतं. काठावर खाण्याच्या टपऱ्यांची जी ओळ आहे तिला तिथले लोक ‘बॉम्बे मार्केट’ म्हणतात. कुल्हडमधली कोल्ड कॉफी तिथलीच. वडापाव मागवू नका, मन दुखेल.

दुपारी दोन पर्याय. एक, शिल्पग्राम. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, गोवा इथली ग्रामीण घरं मूळ पद्धतीने बांधून ठेवली आहेत, अंगणात कारागीर आणि वादक. दोन, आयडच्या महासत्या: महाराणांच्या संगमरवरी छत्र्यांचं स्मशान, एका जागी पांढऱ्या घुमटांची दाटी. तिथे जवळजवळ कोणी नसतं. शेजारीच छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे. आहाड संस्कृतीची, चार-पाच हजार वर्षांपूर्वीची काळी-तांबडी मडकी तिथे ठेवली आहेत. मुलं बरोबर असतील तर पहिला पर्याय, नसतील तर दुसरा.

सूर्यास्ताला सज्जनगड. महाराणा सज्जनसिंहांनी १८८४ मध्ये बांसदरा डोंगरावर हा महाल बांधायला घेतला, पावसाचे ढग येताना बघायला. भोवतीचं जंगल अभयारण्य आहे, त्यामुळे पायथ्याला वनखात्याचं तिकीट आणि संध्याकाळी फाटक बंद. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पायथ्याशी असा. वरून एका बाजूला पिछोला, फतेहसागर आणि अख्खं शहर, दुसऱ्या बाजूला बडी तलाव आणि एकामागे एक फिक्या होत गेलेल्या अरवलीच्या रांगा. महालात बघण्यासारखं फार नाही. माकडं आहेत, खाऊ पिशवीत ठेवा.

सज्जनगड नको असेल तर दूध तलाईजवळून करणी माता मंदिराला रोपवे जातो, तिथूनही पिछोला छान दिसतो. दोन्ही करायचं कारण नाही.

आणखी अर्धा दिवस असेल तर

एकलिंगजी, शहराच्या उत्तरेला २२ किलोमीटर. मेवाडचा खरा राजा एकलिंगजी, महाराणा त्याचा दिवाण; राजपत्रं त्याच नात्याने निघत. काळ्या दगडाचं चतुर्मुख शिवलिंग. मंदिर सकाळी साडेदहाच्या सुमारास उघडून दुपारी दीडच्या आसपास बंद होतं, फोटो काढू देत नाहीत. जाताना वाटेत नागद्याची सास-बहू मंदिरं, दहाव्या शतकातली. कोरीवकाम जगदीश मंदिराहून सरस आहे आणि गर्दी शून्य.

हळदीघाटी ४० किलोमीटर, नाथद्वारा ४८. दोन्ही मिळून एक दिवस. रणकपूर आणि कुंभलगड मिळून दुसरा, आणि रणकपूरचं जैन मंदिर पर्यटकांना दुपारी बारानंतरच उघडतं, म्हणून आधी कुंभलगड. चितोडगड ११५ किलोमीटर, त्याला स्वतंत्र दिवस. अडीच दिवसांत यातलं एखादं बसवायचा मोह होईल. तसं केलंत तर गाडीची सीट चांगली लक्षात राहते.

खाणं

दालबाटी एकदा थाळीत खा आणि दुपारीच खा. वाढपी बाटी हातानेच फोडतो, चुरा करतो, मध्ये खळगा करून तूप ओततो आणि त्यावर डाळ. तुम्ही ‘बस’ म्हणून भागत नाही, ताटावर आडवा पंजा धरावा लागतो, तरी बोटांच्या फटीतून एक चमचा येतोच. बरोबर गट्ट्यांची भाजी, केर-सांगरी, चुरमा. मांसाहारी असाल तर लाल मांस, पण आपल्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्याला ते घाबरवत नाही. सकाळी कचोरी, मिरचीवडा. तलावाकाठच्या गच्चीवरच्या हॉटेलांत दृश्याचे पैसे घेतात, चवीचे नाही. तिथे चहा-कॉफी घ्या आणि जेवायला बाजारात जा.

खरेदी आणि परतीची गाडी

हाथीपोल आणि बडा बाजार. लहरिया, बांधणी, मोजड्या, लघुचित्रं, नाथद्वाऱ्याची पिछवाई (कापडावरची चित्रं). पहिल्या खेपेला एका रिक्षावाल्याने ‘सरकारी एम्पोरियम, फक्त बघायचं’ म्हणून एका दुकानात नेलं. सरकारी काही नव्हतं. चहा आला, पन्नास साड्या उलगडल्या गेल्या आणि लाजेखातर आम्ही एक चादर घेतली. तीच चादर पुढे हाथीपोलला जवळजवळ निम्म्या भावात टांगलेली होती. लघुचित्र घेताना दुकानदाराकडे भिंग मागा. हाताने काढलेल्यात मिशीचा, पापणीचा एकेक केस वेगळा दिसतो, छापलेल्यात ठिपके दिसतात. भिंग द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका.

गाडीने परतणार असाल तर तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. उदयपूर सिटी आणि राणा प्रतापनगर अशी दोन स्टेशनं आहेत, चार-पाच किलोमीटरच्या अंतरावर, आणि रिक्षावाला ‘स्टेशन’ म्हटलं की सिटीलाच नेतो. जुन्या शहरातून निघताना तासभर आधी निघा. जगदीश चौकात एखादी वरात आडवी आली तर नवरदेवाचा घोडा पुढे सरकेपर्यंत रिक्षाही सरकत नाही. आमची गाडी चार मिनिटं राखून मिळाली, आईच्या हातातला मिरचीवडा अर्धा खायचा तसाच होता.